धातुचाचणी तंत्रज्ञ

कारखान्यातून आलेल्या धातूच्या नमुन्याचे रासायनिक घटक, हार्डनेस, ताणबल आणि सूक्ष्मरचना तपासणारा प्रयोगशाळा कर्मचारी. भोसरी, पिंपरी-चिंचवड, चाकण या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनतात, त्यामुळे पुण्यात हे काम बारमाही चालते. अहवालातल्या बऱ्याच चुका यंत्राच्या नसतात, नमुना तयार करतानाच्या असतात.

तुकडे कापण्याआधी प्रत्येकावर हीट नंबर (धातूच्या ज्या वितळीतून माल आला तिचा क्रमांक) पुन्हा पंच करतात. तो राहिला, तर आकडे बिनचूक येऊनही अहवाल भलत्याच मालाचा निघतो. कापताना कूलंट कमी पडला की कडक केलेल्या गिअरची कड निळी पडते; तिथे पोलाद नरमलेले असते आणि हार्डनेस कमी दिसते.

स्पेक्ट्रोवर, म्हणजे ठिणगीच्या प्रकाशावरून रासायनिक घटक मोजणाऱ्या यंत्रावर, ताज्या घासलेल्या पृष्ठभागावर, 99.999 टक्के शुद्ध आर्गॉनमध्ये, निदान तीन ठिकाणी ठिणगी पाडतात. आकड्यांआधी डाग पाहावा. काळ्या वलयाचा डाग चांगला. पांढुरका पडला तर आर्गॉन अशुद्ध आहे किंवा नमुना नीट टेकलेला नाही. बिडाचा (कास्ट आयर्नचा) नमुना तांब्याच्या साच्यात झटकन गोठवून पांढरा करून घ्यावा लागतो. मोकळे ग्रॅफाइट राहिले तर कार्बनचा आकडा भरवशाचा नसतो.

ब्रिनेल या हार्डनेस चाचणीत गोळी दाबून ठसा उमटवतात: 10 मिमी गोळी, 3000 किलो भार, 10 ते 15 सेकंद. ठशाचा व्यास काटकोनात दोनदा मोजतात. फोर्जिंगच्या (तापवून ठोकून घडवलेल्या भागाच्या) कातडीतला कार्बन जळालेला असतो. ती पुरेशी घासली नाही तर चांगला माल नापास होतो.

सर्वांत जास्त हात बसावा लागतो तो सूक्ष्मरचनेच्या कामाला. 220 (जाड) पासून 1000 (बारीक) नंबरपर्यंतचे एमरी पेपर क्रमाने वापरतात. दर पेपरला नमुना 90 अंशांत फिरवायचा आणि आधीच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचे नाही. मग मखमलीवर पॉलिश. एसजी आयर्नमधल्या (गोलाकार ग्रॅफाइट असलेल्या बिडातल्या) ग्रॅफाइटच्या गोळ्या एचिंगआधीच (रचना दिसावी म्हणून आम्ल लावण्याआधीच) 100 पट मोठ्या करून पाहाव्यात. मखमलीवर फार वेळ घासले तर ग्रॅफाइट उपटून निघते, उरलेले खड्डे छिद्रांसारखे दिसतात आणि निष्कारण ओतकामाला दोष लागतो.

एचिंगला 2 टक्के नायटल: 98 मिली अल्कोहोलमध्ये 2 मिली नायट्रिक आम्ल, तेही थेंबाथेंबाने. चकाकी गेली की लगेच पाणी, मग अल्कोहोल, मग गरम हवा. जास्त वेळ ठेवला तर परलाइट (पोलादाच्या रचनेतला थरांचा भाग) काळाठिक्कर पडतो. मग पुन्हा पॉलिशपासून सुरुवात करावी लागते.