‘कापुट’चा गोतावळा

स्वयंपाकघराचा प्रमुख तो शेफ आणि खात्याचा प्रमुख तो चीफ. रोमन लिपीत दोन्ही शब्द ‘सी-एच’नेच सुरू होतात. मग एकाचा उच्चार ‘श’ आणि दुसऱ्याचा ‘च’ का? स्पेलिंग पाठ करणाऱ्या मुलांना ‘इंग्रजी असंच असतं’ एवढंच उत्तर मिळतं, याचं मला नेहमी वाईट वाटतं. कारण या ‘श’ आणि ‘च’मध्ये त्या शब्दांच्या प्रवासाची तारीखच लपलेली आहे.

दोन्ही शब्दांचं मूळ एकच. लॅटिनमध्ये डोक्याला ‘कापुट’ म्हणत. फ्रान्समध्ये बोली लॅटिन बदलत गेली तसा ‘का’चा ‘च’ झाला आणि जुन्या फ्रेंचमध्ये ‘चीफ’ हे रूप तयार झालं. 1066 साली उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. त्यानंतर दरबाराची आणि कायद्याची भाषा कित्येक पिढ्या फ्रेंच होती. त्या काळात ‘चीफ’ इंग्रजीत आला, तो ‘च’ घेऊन. पुढे साधारण तेराव्या शतकात खुद्द फ्रान्समध्ये हा ‘च’ बदलून ‘श’ झाला, पण इंग्रजीत गेलेल्या शब्दांनी जुना उच्चार सोडला नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी फ्रेंचांकडून तोच शब्द पुन्हा उचलला, या वेळी ‘शेफ’ म्हणून. हा आडाखा इतर अनेक शब्दांनाही लागू पडतो. चेअर, चेंबर, चेंज हे आधी आलेले, तर मशीन, शॅम्पेन, शोफर हे नंतर आलेले.

याहून सुरस गोष्ट ‘कॅपिटल’ची. रोमन सावकारीत व्याज सोडून मूळ रकमेला ‘कापुट’च म्हणत, म्हणजे आपलं मुद्दल. त्यावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘कापिटाले’ म्हणजे मालमत्ता, भांडवल. हा एकच शब्द इंग्रजीत तीन वाटांनी शिरला. उत्तर फ्रान्सच्या नॉर्मन बोलीत ‘का’चा ‘च’ झालाच नव्हता, त्यामुळे तिथून आला तो ‘कॅटल’. पॅरिसकडच्या बोलीतून आला ‘चॅटल’, आणि थेट लॅटिनमधून ‘कॅपिटल’. कॅटलचा अर्थ सुरुवातीला कुठलीही मालमत्ता असा होता. पण हलवता येण्याजोगी सगळ्यात मोठी संपत्ती म्हणजे गुरंढोरं, म्हणून तो हळूहळू गुरांपुरताच उरला. पशुधन, गोधन हे शब्द ज्यांच्या बोलण्यात रुळले आहेत, त्यांना हे वेगळं समजवायला नको. चॅटल कायद्याच्या भाषेत जंगम मालमत्तेसाठी राहिला. म्हणजे गोठ्यातली गाय आणि कंपनीचं भागभांडवल ही इंग्रजीत सख्खी भावंडं आहेत.

‘कॅपिटल पनिशमेंट’ म्हटलं की शिरच्छेद डोळ्यांसमोर येतो, पण रोमन कायद्यातला अर्थ याहून व्यापक होता. तिथे ‘कापुट’ म्हणजे माणसाची कायद्यातली हैसियत : तो स्वतंत्र आहे का, नागरिक आहे का, कोणत्या कुटुंबातला आहे. नागरिकत्व गेलं तरी माणसाचं ‘कापुट’ गेलं असं मानत, मग खरं डोकं धडावर असलं तरी. रोमच्या जनगणनेत ज्यांच्या नावावर नोंदण्यासारखी संपत्ती नसे, त्यांची फक्त डोकी मोजत. त्यांना ‘कापिटे केन्सी’ म्हणत, म्हणजे डोक्यावारी मोजलेले. इसवी सनपूर्व 107 मध्ये सेनानी मारियसने या लोकांना सैन्यात घेतलं, आणि रोमच्या लष्कराच्या इतिहासात तो मोठा बदल मानला जातो. अर्थशास्त्रातला ‘पर कॅपिटा’ म्हणजे याच डोक्यांचा हिशेब. मराठीने त्याला दिलेला ‘दरडोई’ हा प्रतिशब्द मला फार आवडतो. त्यात मूळ प्रतिमा जशीच्या तशी उतरली आहे.

‘कापुट’चं लहान रूप ‘कापिटुलुम’, म्हणजे छोटं डोकं. पुस्तकातल्या भागाचा मथळा या अर्थाने ते वापरलं गेलं आणि त्यापासून ‘चॅप्टर’ झाला. आपला ‘मथळा’ही माथ्यावरूनच आला आहे. तहाची कलमं मथळ्यांखाली मांडायची, म्हणून ‘कॅपिट्युलेट’. आधी त्याचा अर्थ अटी ठरवणं एवढाच होता, शरणागतीचा अर्थ नंतर चिकटला. तेच मथळे पुन्हा चाळणं म्हणजे ‘रिकॅपिट्युलेट’, ज्याचं आजचं आखूड रूप ‘रीकॅप’.

बाकी नातेवाईक पटापट सांगतो. काम शेवटाला, म्हणजे ‘डोक्याला’, नेणं ते ‘अचीव्ह’, आणि त्याचा शेवट वाईट झाला तर ‘मिसचीफ’. डोकं पुढे करून खाली कोसळणं यावरून ‘प्रेसिपिस’ म्हणजे उभा कडा, आणि हवामान खात्याचं ‘प्रेसिपिटेशन’ म्हणजे आभाळातून पडणारं पाणी. दंडातला ‘बायसेप्स’ हा दोन डोक्यांचा स्नायू, कारण वरच्या बाजूला त्याची दोन टोकं हाडाला जोडलेली असतात. ‘करचीफ’ हे फ्रेंच ‘कुव्र-शेफ’चं, म्हणजे डोकं झाकायच्या कापडाचं, बदललेलं रूप. त्याला ‘हँड’ जोडून हातरुमाल झाला, तरी डोकं त्यातून गेलं नाही.

मात्र दिसायला सारखा तो प्रत्येक शब्द या घरातला नसतो. कॅप्टन हा इथलाच, पण कॅप्टिव्ह आणि कॅप्चर नाहीत. ते ‘कापेरे’ म्हणजे पकडणे या क्रियापदाचे. बिघडलेल्या वस्तूला ‘कपुट’ म्हणतात, तो तर जर्मनमार्गे आलेला फ्रेंच पत्त्यांच्या खेळातला शब्द.

आणि खुद्द ‘हेड’? तो लॅटिनकडून उसना घेतलेला नाही. जुन्या इंग्रजीत तो ‘हेआफोद’ होता. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडलेल्या नियमानुसार लॅटिनमधल्या ‘क’च्या जागी जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या, भाषांत ‘ह’ आणि ‘प’च्या जागी ‘फ’ सापडतो. लॅटिन ‘केन्टुम’ म्हणजे शंभर, आणि इंग्रजी ‘हंड्रेड’, ही त्याचीच जोडी. याच नात्याने भाषाशास्त्रज्ञ ‘हेड’ला ‘कापुट’ची बहीण मानतात. रोम वसण्याच्या कितीतरी आधी त्या वेगळ्या झाल्या होत्या.