केळीचा धागा आणि ‘डिगमिंग’ नावाचा उसना शब्द

सोपटाने गजरा बांधणं आपल्याला नवं नाही. ओकिनावात तर केळीच्या धाग्याचं ‘बाशोफू’ कापड शतकानुशतकं विणलं जातं, पण तिथली केळ धाग्यासाठीच लावलेली असते. घड उतरवल्यावर बांधावर टाकलेला खांब हा वेगळाच माल. जळगाव-रावेर पट्ट्यात तो धाग्याच्या हिशेबात आला रास्पाडोर यंत्रामुळे, म्हणजे सोपटं खरवडून धागा काढणाऱ्या यंत्रामुळे. हाताने खरवडून दिवसाला जेमतेम अर्धा किलो निघायचा, यंत्रावर २० किलोच्या आसपास निघू लागला.

यंत्र आलं आणि त्यासोबत रेशीमवाल्यांचा शब्दही आला : डिगमिंग. पुढचा बराचसा घोळ त्याचाच.

रेशमात डिगमिंग म्हणजे वरचं सेरिसिन, म्हणजे चिकट प्रथिन, पूर्ण काढणं. आतला तंतू शेकडो मीटर सलग असल्याने काही बिघडत नाही. केळीत मात्र डोळ्यांना दिसतो तो धागा म्हणजे काही मिलिमीटरच्या सूक्ष्म तंतूंची जुडी, आणि तिला धरून ठेवणारा डिंक म्हणजेच ‘गम’. तो पूर्ण काढायला जावं तर हातात भुसाच उरतो. तरीही बाजाराला रेशमासारखा मऊपणा हवा म्हणून कडक कॉस्टिक सोड्यात तास-तास उकळण्याचा सल्ला दिला गेला. सौम्य धुलाईवाल्यांचं म्हणणं साधं होतं : लिटरला दोन-तीन ग्रॅम कॉस्टिक, पाऊण तास, आणि थोडा ताठपणा राहू द्या. सूत तुटायचं थांबलं ते यांच्याच भांड्यात. एन्झाइमची पद्धत त्यानंतरची. ती सौम्य खरी, पण महाग.

रंगाईतही ‘रेशीम’ नाव नडलं. हा धागा रेशमासारखा प्रथिनाचा नाही, कापसासारखा सेल्युलोजचा आहे; रेशमाचे ॲसिड रंग त्यावर टिकत नाहीत. रिॲक्टिव्ह रंग, ६० अंश, लिटरला साधारण ५० ग्रॅम मीठ, आणि रंग चढल्यावर २० ग्रॅम सोडा ॲश, हे जमतं. खांबाच्या बाहेरच्या सोपटांत लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) जास्त, आतल्यांत कमी. न निवडता एकत्र रंगवले की एकाच लडीत दोन छटा.

खांब कापल्यापासून दोन दिवसांत यंत्रावर गेला नाही तर चीक काळवंडतो. यंत्राचं पातं गंजकं असेल तर टॅनिन आणि लोखंड मिळून करडे पट्टे उठतात. तसाच धागा ब्लीचसाठी पेरॉक्साइडमध्ये टाकला तर लोखंडाच्या डागापाशीच तो कमजोर होऊन तुटतो. ब्लीच नीट झालं तरी उरलेलं लिग्निन उन्हात पिवळं पडतं, त्यामुळे आकाशी आणि फिकट गुलाबी फार दिवस तसे राहत नाहीत; मरून आणि गडद निळ्यात ते लपतं.