रीफ टँकचे पाणी स्थिर कसे ठेवाल? (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

रीफ टँक म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) वाढवण्याची खाऱ्या पाण्याची टाकी. कोरल मिटून बसले, टोके पांढरी पडली, रंग उतरला अशी तक्रार आली की आम्ही सर्वांत आधी अल्कलिनिटी (पाण्यातले कार्बोनेट-बायकार्बोनेट, ज्यातून कोरल सांगाडा बांधतात) विचारतो, आणि तीही गेल्या आठवडाभराची. 7.5 डीकेएचवर (डीकेएच हे अल्कलिनिटीचे एकक) कोरल छान वाढतात, 9 वरही वाढतात. सोमवारी 7.5 आणि गुरुवारी 9.5 हे मात्र त्यांना सोसत नाही. तेव्हा ठरावीक आकड्यामागे धावू नका. जो आकडा आहे तो हलू देऊ नका.

साधारण मर्यादा अशा: खारटपणा 35 पीपीटी, म्हणजे हजारात 35 भाग (25 अंश सेल्सियसला विशिष्ट गुरुत्व 1.026), अल्कलिनिटी 7.5 ते 9 डीकेएच, कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम (दशलक्षात भाग), मॅग्नेशियम 1250 ते 1400 पीपीएम. नायट्रेट, फॉस्फेट अगदी शून्यावर असतील तर अल्कलिनिटी 8 च्या आसपासच ठेवा. अशा पाण्यात ती जास्त झाली की टोके जळतात.

रोजचा खप काढा

सांगाडा बांधताना कोरल 1 डीकेएच अल्कलिनिटीमागे सुमारे 7 पीपीएम कॅल्शियम वापरतात. 420 मधून 7 गेले तर साध्या टेस्ट किटवर कळणारही नाही; 8 मधला 1 गेला तर लगेच कळतो. म्हणून रोज मोजायची ती अल्कलिनिटी. कॅल्शियम आठवड्याला आणि मॅग्नेशियम महिन्याला मोजले तरी चालते.

दोन दिवस काहीही न घालता एकाच वेळी, एकाच किटने मोजा. पहिल्या रात्री 8.4 आणि दोन दिवसांनी 7.4 आली, तर रोजचा खप 0.5 डीकेएच. टाकीतले पाणी धरताना खडक आणि वाळूची जागा वजा करा. 240 लिटरच्या टाकीत प्रत्यक्षात 200 लिटरच्या आसपासच पाणी असते.

दोन बाटल्या

हा खप भरून काढायला दोन द्रावणे बनवा. पहिली बाटली: 60 ग्रॅम खाण्याचा सोडा आरओ-डीआय (आरओ आणि डीआय रेझिनमधून गाळलेल्या, क्षार काढलेल्या) पाण्यात विरघळवून एकूण 1 लिटर करा. बेकिंग पावडर किंवा धुण्याचा सोडा चालणार नाही. दुसरी: 52 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, तसेच एकूण 1 लिटर. दोन्हींचे 50-50 मिलि 100 लिटर पाण्याला 1 डीकेएच आणि 7 पीपीएम कॅल्शियम देतात. वरच्या उदाहरणात 200 लिटरला रोज 0.5 हवे, म्हणजे तेही प्रत्येकी 50 मिलिच.

दोन्ही एकदम ओतू नका. एकाच जागी मिसळले की कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा ढग उठतो, आणि घातलेले दोन्ही पंपावर व हीटरवर थर होऊन बसते. संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) जोरदार प्रवाहाच्या जागी एकेक ओता आणि मध्ये किमान अर्धा तास जाऊ द्या. मॅग्नेशियम कमी असले तरी असाच थर बसतो, आणि कितीही डोस घातला तरी आकडे वर येत नाहीत. अल्कलिनिटी खूप खाली गेली असली तरी दिवसाला 0.5 डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका.

चुन्याची निवळी

कॅल्शियम हायड्रॉक्साइडची निवळी अल्कलिनिटी आणि कॅल्शियम दोन्ही योग्य प्रमाणात देते. 1 लिटर संपृक्त निवळी 100 लिटरला साधारण 1.1 डीकेएच चढवते. पण तिचा पीएच 12 च्या वर असतो. हातमोजे घाला, वरचे स्वच्छ पाणीच घ्या आणि रात्री थेंबथेंब सोडा. पानाचा चुना चालेल का, असे बरेच जण विचारतात. चालणार नाही; त्यात काय मिसळले आहे ते कळायला मार्ग नाही.

निवळी ऑटो टॉप-ऑफमधून (उडालेल्या पाण्याची आपोआप भर घालणाऱ्या यंत्रातून) देत असाल तर पावसाळ्यात सावध राहा. मे महिन्यात पंखा लावून टाकीतून रोज 3 लिटर पाणी उडत असेल, तर जुलैच्या दमट हवेत ते बरेच कमी उडते, आणि निवळीही तेवढीच कमी जाते. कोरलची भूक मात्र तीच राहते, म्हणून अल्कलिनिटी हळूहळू घसरते. पहिला पाऊस पडला की खप पुन्हा मोजा आणि तूट सोड्याच्या व कॅल्शियमच्या बाटल्यांतून भरून काढा.

टॉप-ऑफचे पाणी

उडते ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहते. म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालायची. स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी पुरेसे शुद्ध नसते: बऱ्याच मशिनमध्ये टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असते आणि ते क्षार परत मिसळते. आरओनंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे) लावा. टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) 0 ऐवजी 1-2 दिसू लागले की रेझिन बदला. बोअरवेल किंवा टँकरचे पाणी असेल तर रेझिन लवकर संपते. पितळी तोट्या आणि जोड टाळा, तांबे कोरलना मारते.

पाणी बदलताना मीठ पाण्यात घाला, मिठावर पाणी ओतू नका. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचे उपकरण) 35 पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवा.

पीएच खाली दिसला तर

एसीच्या बंद खोलीत माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो. सोडा वाढवून तो नीट होणार नाही, अल्कलिनिटी तेवढी भरमसाट होईल. खिडकी तासभर उघडून पुन्हा मोजा. पीएच चढला, तर स्किमरची (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर काढा.

मालवणसारख्या किनाऱ्यावरून जिवंत कोरल किंवा खडक आणू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

तपासणीसाठी पाणी आणताना बाटली टाकीच्याच पाण्याने तीनदा विसळा, हवा न ठेवता काठोकाठ भरा आणि त्याच दिवशी आणा. सोबत आठवड्याच्या नोंदी आणि रोजच्या डोसचे मिलि लिहून आणा.