टेक्सासची वीज पवनचक्क्यांमुळे गेली नव्हती

फेब्रुवारी 2021 च्या टेक्सासमधल्या बर्फाच्या वादळाचा विषय निघाला की लोक अजून सांगतात, पवनचक्क्या गोठल्या म्हणून लाईट गेली. काही गोठल्या, खरंय, पण सगळ्यात जास्त बंद पडले ते गॅसवरचे प्लांट, कारण विहिरी, पाईप, उपकरणं सगळंच गारठलं आणि गॅस पुढे पोचेना, त्यात काही ठिकाणी गॅस पुरवणाऱ्यांचीच वीज कापली गेली! आणि "कोणी सांगितलंच नाही" हेही खोटं, टेक्सासच्या सगळ्या 254 काउंटींना (म्हणजे जिल्ह्यांना) वादळाचा इशारा होता, प्लांट थंडीसाठी तयार करा हे तर 2011 च्या थंडीनंतरच सरकारी रिपोर्टात लिहिलेलं. चीड याची येते की वीज आलटून पालटून जाईल असं ग्रिड चालवणारे म्हणाले आणि कित्येक घरं दिवसेंदिवस अंधारात गारठली. अधिकृत आकड्यानुसार 246 जण गेले.