हापामॅकी : जंक्शन घडलं कसं, ओसरलं कसं

फिनलंडच्या रेल्वे नकाशावर हापामॅकी हे आज लहानसं स्टेशन. एकेकाळी मात्र तिथे चारही दिशांच्या गाड्या एकत्र यायच्या. गाव केउरू नगरपालिकेच्या हद्दीतलं, आजूबाजूला जंगल आणि तळी. गाव वाढलं तेच रेल्वेमुळे.

तांपेरे ते वासा हा मार्ग 1883 साली पूर्ण झाला. तो सरळ वायव्येला न जाता आधी ईशान्येला हापामॅकीपर्यंत चढतो आणि मग पश्चिमेला सेइनॅयोकीकडे वळतो. या वळणावरून 1897 मध्ये पूर्वेला युवास्क्युलाची लाइन निघाली आणि स्टेशनाचं जंक्शन झालं. रूळ रशियन मापाचे, 1524 मिलिमीटरचे. म्हणजे आपल्या ब्रॉडगेजपेक्षा वीतभरही अरुंद नाहीत. काळ वाफेच्या इंजिनांचा, त्यामुळे जंक्शन म्हटलं की पाणी, जळण आणि इंजिनांची शेड आलीच. इथे जळण म्हणजे बऱ्याचदा बर्चची लाकडं.

जंक्शनचं खरं मोल 1918 च्या यादवी युद्धात कळलं. तांपेरे, हेलसिंकी आणि दक्षिणेकडचा पूर्व-पश्चिम रेल्वेमार्ग लाल फौजांकडे, म्हणजे समाजवादी क्रांतिकारकांकडे, होता. त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या सरकारी पक्षाच्या, म्हणजे पांढऱ्या, फौजांना वासाकडून पूर्वेकडच्या कारेलियाच्या आघाडीवर माणसं आणि दारूगोळा न्यायचा तर वाट एकच: हापामॅकी, युवास्क्युला, पुढे पिएक्सॅमॅकी. हे जंक्शन पडलं असतं तर त्यांचे दोन तुकडे झाले असते. म्हणूनच दक्षिणेला विल्पुलापाशी आठवडेच्या आठवडे झुंज चालली. लाल फौजा तिथून पुढे सरकू शकल्या नाहीत आणि एप्रिलच्या सुरुवातीला तांपेरेच पांढऱ्यांच्या हाती गेलं.

1938 मध्ये पार्कानोमार्गे पोरीची लाइनही येऊन मिळाली. चौथी दिशा लाभली, पण पुढे दिवस फिरले. 1971 मध्ये तांपेरेहून पार्कानोमार्गे सेइनॅयोकीला थेट लाइन झाली. सुमारे 70 किलोमीटरचा वळसा वाचत असताना उत्तरेच्या गाड्या हापामॅकीला कशाला जातील? 1977 मध्ये ओरिवेसी–युवास्क्युला लाइन पुरी झाली आणि पूर्वेची वाहतूकही तिकडे वळली. जंक्शनला कुणी बुडवलं नाही. वळणावर उभारलेलं ठाणं, वळण सरळ झाल्यावर त्याची गरज उरली नाही इतकंच. तरी गावकऱ्यांना ते असं शांतपणे पचलं असेल, असं वाटत नाही.

पार्कानोकडचे रूळ पुढे बंद पडले. गावात जुन्या वाफेच्या इंजिनांचं पार्क उभं राहिलं. प्रवाशांसाठी आता रेलबस येते.