कुत्र्याचा जीपीएस पट्टा आणि हातातला संच: दुरुस्तीला आणण्याआधी

नमस्कार,

आमच्याकडे येणारी बहुतेक मंडळी हातातला संच, म्हणजे कुत्र्याची जागा नकाशावर दाखवणारं यंत्र, काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "हा कुत्राच दाखवत नाही, बघा जरा." पट्टा मात्र घरी, कुत्र्याच्या गळ्यात. मग बदलापूरहून आलेल्या माणसाला पुन्हा लोकल पकडून परत जावं लागतं आणि आम्हालाच वाईट वाटतं. कारण बिघाड जिथे दिसतो तिथेच असतो असं नाही. आमच्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा संच ठणठणीत असतो आणि दुखणं पट्ट्यात निघतं. म्हणून येताना जोडी आणा. चार्जर आणि पट्ट्याला लागणारी क्लिपसुद्धा आणा.

यंत्र चालतं कसं, हे कळलं की निम्मं निदान घरीच होतं. उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. पट्टा त्यांच्याकडून स्वतःची जागा काढतो आणि रेडिओने हातातल्या संचाला कळवतो. संच स्वतःची जागा वेगळी काढतो आणि दोन्ही जागा नकाशावर मांडतो. थोडक्यात, उपग्रह ते पट्टा, पट्टा ते संच आणि उपग्रह ते संच अशा तीन गाठी आहेत. यातली कुठली सुटली आहे ते आधी बघायचं. नकाशावर तुम्ही स्वतः बरोबर दिसता आणि कुत्र्याच्या जागी प्रश्नचिन्ह येतं, तेव्हा बहुतेक संचांत त्याचा अर्थ असा की पट्टा बोलतोय, पण त्याला उपग्रह सापडलेले नाहीत. कुत्रा जुन्याच जागी गोठून राहिला आणि "शेवटचा संपर्क" लांबत चालला, तर रेडिओची गाठ तुटली. तुम्ही स्वतःच नकाशावर नसाल, तर मात्र संच आणा.

पट्टा वर्षभर कपाटात पडून होता आणि आता उपग्रह पकडत नाही, ही तक्रार दर दिवाळीच्या सुट्टीत येते. तो बिघडलेला नसतो. उपग्रहांची पूर्ण यादी आकाशातून उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ वर मोकळं आकाश हवं. गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत ते होत नाही. गच्चीवर किंवा मैदानात पंधरा-वीस मिनिटं पट्टा न हलवता ठेवा. उंच इमारतींमध्ये लहरी भिंतींवर आपटून येतात, त्यामुळे कुत्रा तुमच्या पायाशी आणि नकाशावर समोरच्या सोसायटीत, असंही होतं. त्याला आमच्याकडे औषध नाही. जुना संच चुकीची तारीख दाखवत असेल तर त्याचं कारण वेगळं. जीपीएसची मूळ आठवड्यांची मोजणी दर १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येते. शेवटची आली ६ एप्रिल २०१९ रोजी. नवं सॉफ्टवेअर टाकलं की तारीख ताळ्यावर येते, ते काम आम्ही करून देतो.

रेडिओची गाठ तुटली तर पट्ट्याचा अँटेना बघा. बघा म्हणजे नुसती नजर टाकू नका. तो मुळापाशी दोन बोटांत धरून हळूच वाकवा. आतली तार पट्ट्यातून बाहेर येते तिथेच रोज मुडपते आणि एक दिवस तुटते. वरचं रबर शाबूत असतं, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. परवा एक पट्टा आला, दिसायला अगदी नवा. वाकवताना अँटेना मुळाशी ओल्या वातीसारखा लुळा पडला. रबर चिरलं तर आत तारेची हिरवी भुकटी. कुत्र्याच्या भावंडाने कधीतरी चावून बारीक भोक पाडलं होतं आणि त्यातून पाणी आत गेलं होतं. तुटका अँटेना तसाच वापरू नका, आणि हातातल्या संचाचा अँटेना काढून संच चालू करू नका. लहरींना बाहेर पडायला वाट नसली की प्रक्षेपणाचा भाग तापतो आणि जळतो. मग शंभर रुपयांच्या कामाची किंमत काही हजारांवर जाते.

पल्ल्याबद्दलही स्पष्ट सांगतो. खोक्यावर १४ किलोमीटरच्या आसपासचा आकडा असतो, तो मध्ये काहीही आडवं नसताना. डोंगर आणि दाट झाडी आली की तो झपाट्याने घटतो. संच खिशात न ठेवता अंगापासून दूर, अँटेना उभा करून धरा आणि चार पावलं उंचावर चढा. पट्ट्याचा जीपीएसचा भाग मानेच्या वरच्या बाजूला हवा. पट्टा सैल असला की तो गळ्याखाली घसरतो आणि कुत्र्याचं अंगच आकाश झाकतं. पट्ट्याखाली दोन बोटं जातील, इतपतच ढिला ठेवा. बाण भलतीकडे दाखवत असेल तर होकायंत्र जुळवून घ्या. बॅटरी बदलल्यावर ते करायलाच हवं. चुंबकाच्या कव्हरात तर संच ठेवूच नका.

आता पाण्याचं. मुंबईत आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त येतं ते हेच. खोक्यावर लिहिलेली पाणीरोधकतेची खूण आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर गोड्या पाण्यात ३० मिनिटं, तेही सील नवं असताना. वर्सोव्याच्या समुद्रात दोन वर्षं खेळलेल्या पट्ट्याचं सील नवं राहत नाही. समुद्रावरून आलात की पट्टा साध्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडा करा आणि मगच चार्जिंगला लावा. चार्जर जिथे टेकतो त्या धातूच्या टिकल्या ओल्या खाऱ्या असताना त्यांवर वीज गेली की त्या अक्षरशः विरघळतात, काळ्या-हिरव्या होतात. वरवरचा थर असेल तर मऊ टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. सुरी किंवा सँडपेपर लावू नका. मुलामा गेला की टिकली महिन्याभरात पुन्हा काळी पडते. काचेच्या आत वाफ दिसली तर लगेच बंद करा, निघत असेल तर बॅटरी काढा आणि त्याच दिवशी आणा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, उलट त्याचं पीठ चार्जिंगच्या खाचेत जाऊन बसतं. पहिल्या दिवशी आलेला संच आम्ही बहुतेक वेळा वाचवतो. आठवड्याने आलेल्याचं वचन देता येत नाही.

मागचं झाकण उचलल्यासारखं दिसत असेल तर बॅटरी फुगली आहे. ती दाबू नका, चार्ज करू नका, कुरिअरने पाठवू नका. हातात घेऊन या. बरेच दिवस वापरायचं नसेल तर ठेवून देताना बॅटरी निम्मी भरलेली असू द्या.

सिमकार्डावर चालणारा पट्टा असेल तर आधी रिचार्ज संपलाय का बघा. तो टूजीचा असून आत जिओचं सिम असेल तर तो कधीच चालणार नाही, कारण जिओचं टूजी नेटवर्कच नाही.

कायद्याची बाजू सांगणंही आमचं काम आहे. शिकारी कुत्र्यांसाठी बनलेले रेडिओचे पट्टे अमेरिकेत १५१ आणि १५४ मेगाहर्ट्झच्या पाच वाहिन्यांवर विनापरवाना चालतात. भारतात तशी सूट नाही, इथे दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. परदेशातून सुट्टीवर आलेली माणसं दुरुस्तीला संच आणतात, त्यांनी ते इथे वापरू नयेत. आम्ही तपासणी डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी लहर आतच जिरवणाऱ्या जोडावर, करतो; लहर दुकानाबाहेर जात नाही. आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. कारवान, पश्मी किंवा मुधोळ पाळणाऱ्यांना आम्ही ओळखतो. ही कुत्री वाऱ्यासारखी सुटतात आणि दोन मिनिटांत दिसेनाशी होतात. ती हरवू नयेत म्हणून पट्टा हवा, हे आम्हाला मनापासून पटतं. सशामागे सोडण्यासाठी असेल तर आम्ही हात लावणार नाही.

आणण्याआधी संच रीसेट करू नका. पट्टा आणि संच यांची जोडणी पुसली जाते आणि साठवलेल्या वाटाही जातात. केबल लावून त्या आधी कॉम्प्युटरवर उतरवा, जमत नसेल तर आम्ही उतरवून देऊ. उघडून पाहिल्यावर आधी खर्च सांगतो, तुमचा होकार आल्याशिवाय पुढे जात नाही. खर्च नव्या संचाच्या निम्म्यावर जात असेल तर दुरुस्ती करू नका, असंच सांगू. एकदा उघडलेल्या संचाला आम्ही नवं सील घालतो. ते पावसाचं पाणी अडवतं, पण त्यानंतर तो पाण्यात बुडवण्याची हमी आम्ही देत नाही. सील बदलल्याची तारीख बॅटरीखाली छोट्या पट्टीवर लिहिलेली असते. पुढच्या मे महिन्यात, पावसाच्या आधी, ती बघा.