क्यूबन सिगार : खऱ्याखोट्याची पारख

क्यूबात पिकलेल्या तंबाखूचा, क्यूबातच वळलेला आणि हबानोस एस. ए. या कंपनीमार्फत विक्रीस आलेला सिगार तो खरा क्यूबन सिगार, अशी व्यवहारातली व्याख्या आहे. यांतली एक जरी अट मोडली तरी क्यूबन म्हणून विकला जाणारा माल बनावट ठरतो, मग आतले पान कितीही चांगले असो. नक्कल प्रामुख्याने कोहिबा या छापाची होते. माँतेक्रिस्तो, रोमिओ इ हुलिएता, पार्तागास यांचीही होते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात हा माल बहुधा गोव्याहून परतणाऱ्यांच्या किंवा आखातातून येणाऱ्या नातलगांच्या सामानातून येतो. त्यामुळे पावती क्वचितच सोबत असते आणि पारख पेटीवरूनच करावी लागते.

दख्खनमध्ये तंबाखू केव्हा आला याविषयी एकमत नाही. तो पोर्तुगिजांनी आणला हे बहुतेकांना मान्य आहे. वाद आहे तो काळाचा. काही अभ्यासक सोळाव्या शतकात बरेच मागे जातात, काही सतराव्याच्या उंबरठ्यावर थांबतात. लेखी पुराव्यांत असद बेगचा वृत्तांत महत्त्वाचा आहे. अकबराचा हा दूत विजापूरच्या आदिलशाही दरबारातून परतताना तंबाखू घेऊन गेला आणि रत्नजडित नळीसह तो बादशहापुढे ठेवला (सु. १६०४-०५). उत्तरेत जी नवलाई होती ती विजापुरात मिळू शकत होती. म्हणजे तिथे ती काही वर्षे तरी रुळलेली असावी, त्यामुळे सोळाव्या शतकाच्या अखेरीचा काळ अधिक संभवनीय वाटतो. बेळगाव तेव्हा आदिलशाहीतच होते.

आज निपाणी-चिकोडी पट्टा बीडीच्या तंबाखूसाठी ओळखला जातो. १९८१ चे शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालील निपाणीचे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन सर्वज्ञात आहे. या भागात पानाचा जाणकार शोधत फिरावे लागत नाही आणि सिगार हाती आला की तो अशाच जाणकाराला दाखवला जातो. अडचण इथेच सुरू होते. दोन्हीकडची वनस्पती एकच, निकोटियाना टॅबॅकम. पण संस्कार वेगळे. निपाणीकडे शेंडे खुडून, फुटवे काढून पान जाड करतात, उन्हात वाळवतात आणि वखारीत कुटून-चाळून त्याचा जरदा करतात. पानावर उठलेले तांबूस ठिपके ही इथे चांगल्या मालाची खूण. क्यूबात पिनार देल रिओ प्रांतातील व्वेल्ता आबाहो भागात सिगारच्या वरच्या वेष्टनाचे पान कापडी मांडवाखाली वाढवतात, छपरात सावलीला वाळवतात आणि थप्प्या लावून आंबवतात. तिथे वेष्टनाला डाग शक्यतो नको. म्हणजे निकष जवळजवळ उलटे. शिवाय बनावट सिगारातही तंबाखू खराच असतो, कधी तर खुद्द क्यूबातला. पान उत्तम असल्याचा निर्वाळा निपाणीचा जाणकार बरोबर देईल. माल हबानोसचा आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

हमीपट्टी : पेटीच्या डाव्या बाजूवर चिकटवलेली हिरवट शासकीय पट्टी हा पारखीतला पहिला पुरावा. तिचा आरंभ कोणता धरावा याबाबत दोन मते आहेत. एक मत तो १८८९ च्या स्पॅनिश राजाज्ञेपर्यंत नेते. कंपनीच्या प्रचारसाहित्यातही हेच साल आढळते. दुसरे मत १९१२ च्या क्यूबन कायद्यापासून मोजते. आजच्या पट्टीवर क्यूबा प्रजासत्ताकाचे नाव आहे आणि प्रजासत्ताक स्थापन झाले १९०२ मध्ये. त्यामुळे कल्पना जुनी असली तरी आजच्या पट्टीची वंशावळ १९१२ पासून धरणे अधिक सयुक्तिक. १९३१ मध्ये तिची रचना बदलून इतर भाषांतील मजकूर आला. १९९९ च्या सुमारास लाल अनुक्रमांक आला, तर साधारण २०१० पासून एका टोकाला होलोग्राम आणि दुसऱ्या टोकाला बारकोड आहे. बारकोडचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. मात्र त्यातून क्रमांक खरा आहे एवढेच कळते. तो याच पेटीचा आहे, हे नाही. एका खऱ्या पट्टीवरून कितीही नकला छापता येतात. पेटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर तिरपी लावलेली ‘हबानोस’ नावाची चिठ्ठी १९९४ नंतरची. त्याआधीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पेटीवर ती असेल तर शंका घ्यावी.

तळावरचे शिक्के : खरेदीपूर्वी पेटी उलटी करून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि तोच बहुतेक जण टाळतात. तळावर ‘हबानोस एस. ए.’, ‘एचो एन कूबा’ आणि ‘तोतालमेंते आ मानो’ ही अक्षरे तापल्या ठशाने डागलेली असतात. बोट फिरवल्यावर खोलगट लागली पाहिजेत. पैकी ‘एचो एन कूबा’ हा मजकूर क्रांतीनंतरचा, १९६०-६१ च्या सुमाराचा. ‘पूर्णपणे हाताने’ अशी ग्वाही देणारी ओळ १९८९ पासूनची, आणि कंपनीचे नाव १९९४ पासूनचे. त्यापूर्वी तिथे कूबातबाको या क्यूबाच्या सरकारी तंबाखू कंपनीचे नाव असे. शेजारी शाईने उमटवलेले कारखान्याचे सांकेतिक अक्षर आणि पेटीत माल भरल्याचा महिना-वर्ष असते. महिने स्पॅनिश लघुरूपांत येतात : जानेवारीसाठी एने, एप्रिलसाठी आब्र, ऑगस्टसाठी आगो, डिसेंबरसाठी दिक. इंग्रजी महिना दिसला तर पुढे तपासण्याची गरज नाही.

जुन्या पेट्यांवर तारीख उघड नसे. सु. १९८५ पासून ‘निवेल आकूसो’ या दहा अक्षरांना १ ते ९ आणि शेवटी ० अशा किमती देऊन ती लिहीत. म्हणजे एन १, आय २, व्ही ३, ई ४, एल ५, ए ६, सी ७, यू ८, एस ९, ओ ०. या हिशेबाने ‘ओ-ए-एस-ई’ म्हणजे जून १९९४. ही पद्धत केव्हा थांबली यावर संग्राहकांत मतभेद आहेत; काही १९९८, काही १९९९ सांगतात. संक्रमणकाळात कारखान्यांनी निरनिराळ्या वेळी बदल केला असावा, त्यामुळे या वर्षांच्या पेटीवर केवळ संकेतावरून निवाडा करू नये. २००० नंतरच्या पेटीवर मात्र हा संकेत असण्याचे कारण नाही.

काचेचे किंवा प्लास्टिकचे झाकण असलेली कोहिबाची पेटी नेहमीच्या उत्पादनात नाही. ती बनावटच समजावी. कोहिबा सिगारभोवतीच्या कागदी पट्ट्यावर पांढऱ्या चौकटींच्या रांगा सरळ आणि एकसारख्या हव्यात, सोनेरी छपाई उठावाची हवी. पेटीतले सिगार एका रंगछटेचे, एका लांबीचे आणि पट्टे एका रेषेत असतात. टोपीशी, म्हणजे तोंडात धरायच्या टोकाशी, पानाचे तीन वेढे दिसतात, पायाशी, म्हणजे पेटवायच्या टोकाशी, लांब पानांच्या घड्या. चुरा दिसला तर बहुतेक वेळा खोटा. पण होसे एल. पिएद्रा हा खरा क्यूबन छापही आखूड तुकड्यांचाच असतो. उन्हाळ्यात कपाटात राहून तडकलेला किंवा बेळगावच्या पावसात बुरसलेला सिगार हा साठवणुकीचा दोष आहे, खोटेपणाचा पुरावा नव्हे. त्याला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते.

‘कारखान्यातल्या ओळखीच्या माणसाकडून’ मिळालेला माल हे हवानाच्या रस्त्यावरचे नेहमीचे बोलणे. २०२२ मध्ये कोहिबा आणि त्रिनिदाद या छापांचे दर जगभर एका उंच पातळीवर आणले गेले. तेव्हापासून ‘तिकडे स्वस्त मिळतो’ हे समर्थनही लंगडे पडले. भारतात येणाऱ्या प्रवाशाला २५ सिगार शुल्काविना आणता येतात, म्हणजे नेहमीची एक पेटी.

अधिकृत आयात मालावर २००३ च्या तंबाखू कायद्याखालील चित्ररूप इशारा लागतो. १ एप्रिल २०१६ पासून त्याने पुडक्याच्या मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग व्यापला पाहिजे. इशारा नसलेली पेटी चोरट्या वाटेने किंवा प्रवाशाच्या सामानातून आलेली असू शकते. तेवढ्याने ती बनावट ठरत नाही. कर्नाटकात २०२५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने तंबाखू विक्रीसाठी ग्राहकाच्या वयाची अट २१ वर्षे केली आहे. बनावट चिन्हाचा माल विकणाऱ्यास ट्रेड मार्क कायदा, १९९९ अन्वये ६ महिने ते ३ वर्षे कैद होऊ शकते.

डॉमिनिकन प्रजासत्ताकात बनणारे कोहिबा, माँतेक्रिस्तो, रोमिओ इ हुलिएता हे वेगळे प्रकरण आहे. १९६० च्या राष्ट्रीयीकरणानंतर देश सोडलेल्या मालकांकडून काही नावे परदेशी कंपन्यांकडे गेली. कोहिबा हे नाव मात्र क्यूबाने १९६६ मध्ये सुरू केलेले. अमेरिकेत ते जनरल सिगार कंपनीने १९८१ मध्ये नोंदवले. त्यावरून कूबातबाकोशी १९९७ पासून चाललेल्या वादात अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळाने २०२२ मध्ये ती नोंदणी रद्द करण्याचा निर्णय दिला. हे सिगार आपापल्या बाजारात उघडपणे विकले जातात आणि त्यांच्या पेटीवर क्यूबाची हमीपट्टी नसते. क्यूबन म्हणून विकले तरच ते खोटे.